पाच की सात

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत, दाराच्या डाव्या अंगाला, एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. हातभर लांब, त्याहून थोडी कमी रुंद. वर इंग्रजी, खाली मराठी. या गावातून ४१ माणसं १९१४ ते १९१९ च्या मोठ्या लढाईत गेली, त्यांपैकी ७ जणांनी प्राण दिले, इतकाच मजकूर. नाव एकाचंही नाही.

असल्या पाट्या सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत सापडतात. कुठं शाळेच्या भिंतीत, कुठं वेशीच्या कमानीत, कुठं देवळाच्या ओवरीत. मजकूर जवळजवळ एकच, फक्त गावागणिक आकडे वेगळे. सातारा तालुक्यातल्या आपशिंग्यात तर त्या एका लढाईत ४६ जण गेले. तिथं नुसत्या पाटीवर भागलं नाही, सरकारनं स्तंभ उभारला, आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. आमचं गाव त्यापुढं लहान. खटाव तालुक्यात येरळेच्या काठी आहे, पण नदीचा तो काठ वर्षातले आठ महिने वाळूचाच.

माझी आजी या घरात नांदायला आली तेव्हा पाटी भिंतीत बसून दोन-तीन वर्षं झाली होती. तिला वाचता येत नव्हतं, आकडा मात्र ऐकून ठाऊक होता आणि तो तिला मान्य नव्हता.

“सात न्हाईत रं. पाच.” ती हाताची बोटं मिटत घर सांगायची. वरच्या आळीतला एक. सुतारांचा एक. मळ्यातल्या घरातले दोघं सख्खे भाऊ. आणि पाचवा आपला. अंगठा मिटला की मूठ माझ्यापुढं धरायची. “झालं? सरकारला मोजायबी येत न्हाई.”

पाचवा आपला म्हणजे माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. दोघं भाऊ एकाच पलटणीत होते, एकशे सतरा नंबर मराठा. पणजोबा आले, धाकटा आला नाही. त्याची बायको आमच्याच घरात सत्तरीपार जगली. आम्ही तिला धाकली आजी म्हणायचो. एका घरात दोन आज्या. एक अखंड बोलणारी, दुसरी दिवसाला दहा वाक्यांवर भागवणारी. बोलणारीनं सांगितलेल्या गोष्टींवर मी ही लढाई शिकलो. न बोलणारीकडून काय शिकायचं राहून गेलं, ते फार उशिरा कळलं.

गावात त्या लढाईला ‘जर्मनची लढाई’ म्हणत. गंमत अशी की आमच्याकडच्या बहुतेकांनी जर्मन माणूस डोळ्यांनी पाहिला नव्हता. ते लढले तुर्कांशी, इराकच्या गाळात आणि वाळवंटात. पण आजीला तुर्क, इराक असले शब्द लागत नसत. तिचा शब्द एकच, बसरा. “बसऱ्याला गेलं.” हा शब्द आमच्या बायकांच्या ओळखीचा होता, कारण नथीतला चांगला मोती बसऱ्याचा. लढाईच्या आधी बसरा म्हणजे सोनाराच्या दुकानातली महाग वस्तू. लढाईनंतर त्या शब्दाचा अर्थ फिरला. घरातल्या थोरल्या सुनेच्या नथीत दोन बसरा मोती होते आणि धाकली त्या नथीकडं बघत नसे, असं आजी सांगायची. यात तिची भर किती आणि खरं किती, मला ठरवता येत नाही. ती गोष्टीला तिखट-मीठ लावणारी बाई होती.

माणसं गेली का, याचं उत्तर तिच्याकडं सरळ होतं. “खायाला नव्हतं म्हनून.” खटाव-माण हा पर्जन्यछायेतला मुलूख. १८९६ चा दुष्काळ, पाठोपाठ १८९९ चा, मध्ये प्लेग. माझ्या पणजोबांची पिढी त्या वर्षांत वाढलेली. शिपायाचा पगार महिन्याला अकरा रुपये, अंगावर कापड, पायात बूट. अकरा रुपये रोख दर महिन्याला येणं ही आमच्याकडं ज्वारीच्या कोणत्याही सुगीपेक्षा खात्रीची गोष्ट होती. ‘मराठ्यांच्या रक्तातच लढाई आहे’ हे पुढं भाषणांतून ऐकायला मिळालं. आजीच्या तोंडी रक्त कधी आलं नाही, ज्वारी आली.

आणि तरी मानाचा भाग नव्हता असंही नाही. पणजोबांचं पागोटं, मिशी, चालताना वाजणारी बुटाची टाच, चावडीवर मिळणारी बसायची जागा, हे सगळं ती रंगवून सांगायची. शेतावर जायचे तेही म्हणे कदम मोजत.

एकशे सतरा नंबर पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची. १९१४ च्या नोव्हेंबरात हे लोक इराणच्या आखाताच्या टोकाशी फावला उतरले आणि त्याच महिन्यात बसरा हाती आलं. तिथपर्यंतचा हेतू उघड होता, तेल आणि बंदर राखायचं. पण मग नदीच्या कडेकडेनं वर सरकण्याचा मोह साहेबांना आवरला नाही. वर्षभरात फौज बगदादच्या दारात, सलमान पाकला जाऊन थडकली. इंग्रजी इतिहासात या लढाईला टेसिफॉन म्हणतात, आमचे शिपाई सलमान पाकच म्हणत. २२ नोव्हेंबर १९१५ ला तिथं तोंड लागलं. दोन-तीन दिवसांत जनरल टाउनशेंडची चार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि उरलेली फौज आल्या वाटेनं मागं फिरली.

पणजोबांच्या मांडीत गोळी शिरली ती तिथं. त्यांनी लढाईबद्दल घरात फारसं सांगितलं नाही, गाड्यांबद्दल मात्र पुन्हा पुन्हा सांगितलं. जखमींना नदीपर्यंत न्यायला रुग्णगाड्या पुरेशा नव्हत्या. सामान वाहायच्या खच्चरगाड्या होत्या, लोखंडी, बिनस्प्रिंगच्या. त्यांत माणसं एकावर एक रचली आणि दगडधोंड्यांतून हाकली. नदीवर पोचल्यावर उघडे तराफे, त्यांवर कित्येक दिवस बसऱ्यापर्यंत. “मांडीतली गोळी दुखली न्हाई म्हनायचे, गाडी दुखली.” या गाड्या-तराफ्यांच्या हालांची पुढं विलायतेत चौकशी झाली, १९१७ साली मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला आणि मोठमोठ्या पदावरच्या लोकांना तोंड लपवायची पाळी आली. मी तो भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा आजीच्या गोष्टीतली गाडी अहवालात जशीच्या तशी उभी होती. त्या दिवसापासून तिच्या तिखट-मिठाबद्दल मी थोडा जपून बोलतो.

त्या गोळीनं पणजोबांना वाचवलं. जखमी म्हणून ते खाली बसऱ्याला गेले. धाकटा धडधाकट होता, तो फौजेबरोबर मागं हटून कूटला थांबला.

कूट. लहानपणी हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढं शेंगदाण्याचं कूट यायचं. “कूटात अडकले, आन् खायाला काय न्हाई,” असं आजी म्हणायची तेव्हा मला कोडं पडायचं की कुटात अडकलेल्या माणसाला उपाशी राहायचं कारण काय. एकदा तसं विचारलं. बोलकी आजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. धाकली आजी तिथंच तांदूळ निवडत होती. ती सूप ठेवून आत निघून गेली.

कूट-अल-अमारा हे टायग्रिस नदीच्या वळणात सापडलेलं गाव. तीन बाजूंनी पाणी, चौथीकडं तुर्क. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला. जवळजवळ पाच महिने. आत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, एकशे तीन, एकशे दहा आणि आमची एकशे सतरा. धान्य आटत गेलं तशी घोडी आणि खच्चरं कापायला सुरुवात झाली. हिंदुस्थानी शिपाई ते मांस खाईनात. धर्माच्या जाणत्यांकडून ‘चालेल’ असे निरोप मागवले, तरी शेवटचे आठवडे येईपर्यंत बहुतेकांनी तोंड लावलं नाही. अंगात त्राण नाही, हिरड्यांतून रक्त येतंय, आणि हातात बंदूक. विमानातून धान्याची पोती टाकून बघितली. युद्धात असं अन्न टाकण्याचा हा जगातला पहिलाच प्रयोग म्हणतात. काही पोती गावात पडली, काही नदीत. बाहेरून सुटका करायला आलेल्या फौजेची २३ हजारांवर माणसं मेली वा जखमी झाली, आणि आत होती सगळी मिळून १३ हजारांच्या आसपास. हा हिशेब कोणत्या शहाण्याने मांडला असेल?

शरण आल्यावर जनरलसाहेबांना तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात ठेवलं. कैदेत असतानाच त्यांना ‘सर’ हा किताबही मिळाला. शिपाई उन्हातून चालत निघाले, समारा, मोसुल, आणि पुढं रास-अल-ऐन, बगदाद रेल्वेच्या कामावर. आमचा धाकटा या वाटेवर कुठंतरी राहिला. कुठं, हे घराला कधी कळलं नाही. पलटणीकडून कागद आला त्यात ‘बेपत्ता’ होतं.

बेपत्ता माणसाच्या बायकोनं काय करावं, याचं उत्तर ना शास्त्रात होतं ना भावकीत. तिनं कुंकू ठेवलं. काही काळानं पेन्शन सुरू झाली. वडूजला जाऊन अंगठा उठवायचा आणि रुपये घ्यायचे. त्याचाही तिनं सोयीचा अर्थ लावला, घरधनी परतेपर्यंत सरकार बायकोला सांभाळतंय. मग एक दिवस टपालानं जाड पुठ्ठ्यात बांधलेली एक गोल, जड, काशाची चकती आली. तळहातापेक्षा मोठी. तिच्यावर उभी बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. घरात कुणालाही शंका आली नाही. सरकारनं देवी पाठवली होती. सासूनं ती तांब्याच्या ताम्हनात ठेवली, दूधपाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं आणि देवघरात भवानीच्या टाकाशेजारी उभी केली.

ती देवी ब्रिटानिया होती, हे घरात कळायला पन्नास वर्षं जावी लागली. पाचवीत इंग्रजी सुरू झालं, अक्षरं जोडायचा नाद लागला, आणि मी देवघरात जाऊन शेंदराखालची अक्षरं नखानं मोकळी करत बसलो. कडेनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हा माणूस स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी मेला. तो सगळा मजकूर त्या वयात मला लागला नाही, पण उजवीकडच्या चौकटीतली उठावाची अक्षरं लागली. ते आमच्या धाकट्याचं नाव होतं. साहेबानं आडनावाची पार मोडतोड केली होती, तरी नाव ओळखू येत होतं. त्याच्या मरणाची बातमी १९२० च्या सुमाराला घरात येऊन पोचली होती आणि आम्ही तिला रोज दिवा लावत होतो.

‘स्वातंत्र्यासाठी’ या शब्दाशी मी मोठेपणी बराच अडखळलो. हीच चकती देवघरात असताना, १९४३ च्या आगेमागे, आमच्या माळ्यावर भूमिगत लपून गेले. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं. कुठं सरकारी खजिना लुटला, कुठं शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवली, अशा बातम्या गावोगाव फिरत होत्या. पणजोबा तेव्हा पेन्शनर. दर महिन्याला इंग्रजाचा पैसा घ्यायचे, आणि रात्री इंग्रजाच्या शत्रूला भाकरी पोचवायचे. त्यांना यात कसलीही ओढाताण वाटल्याचं आजीच्या सांगण्यात कधी आलं नाही. “पैसा त्यांच्या मांडीचा हुता. पोरं गावची हुती.” दोन वाक्यांत विषय मिटला. आमच्या जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे पलटणीचं एक प्रकरण करतात आणि प्रतिसरकारचं दुसरं, पण घरं दोन नव्हती.

तर पाटी. ती बसवली तेव्हा मामलेदार आले होते, पाटलांनी मंडप घातला होता, आणि परत आलेले शिपाई पदकं लावून ओळीत उभे होते. त्या काळात देशभर दगड बसत होते. दिल्लीत इंडिया गेटची पायाभरणी फेब्रुवारी १९२१ मधली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला पुण्यात इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते शिवस्मारकाचा आणि मराठा युद्धस्मारकाचा कोनशिला समारंभ झाला, शाहू महाराज पुढाकाराला होते. खेड्यांच्या वाट्याला आली ती हातभर पाटी. मामलेदारांनी मराठी मजकूर मोठ्यानं वाचला. बायका लांब, पिंपळाच्या पाराकडं उभ्या होत्या. वाचन संपल्यावर एक तरुण बाई पदर पुढं ओढून सरळ पुरुषांच्या घोळक्यात चालत आली आणि पाटलांना विचारती झाली, “त्या सातांत आमचं हायती का?”

पाटील गडबडले असणार. त्यांनी बोटांवर मोजून तिला सांगितलं आणि त्यात एक बोट तिच्या नवऱ्याचं होतं.

त्या संध्याकाळी घरी जे करायचं ते केलं गेलं. आजीनं ते स्वतः पाहिलेलं नव्हतं, सासूकडून ऐकलेलं होतं, आणि एरवी इतकी रंगवून सांगणारी बाई इथं मात्र बांगड्यांचा उल्लेख करून थांबायची.

वडूजच्या कचेरीत पुढं दरवर्षी तिला हयातीचा दाखला न्यावा लागे. आपण जिवंत आहोत हे तिनं जवळजवळ पन्नास वेळा सरकारला सिद्ध करून दिलं. नवरा मेल्याचं मात्र सरकारनं तिला एकदाही नीट सिद्ध करून दिलं नाही. एक परक्या लिपीतली देवी, आणि एक नाव नसलेला आकडा.

नाव नसण्याची आमच्याकडं तशी जुनी सवय आहे. गावाबाहेर महादेवाच्या देवळापाशी चार वीरगळ आहेत, दोन धड, दोन भंगलेले. खालच्या चौकटीत लढाई, तिच्या वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीपुढं हात जोडून बसलेला वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. कोण, कुठला, कुणाच्या गुरांसाठी किंवा कुणाच्या वेशीसाठी मेला, एक अक्षर नाही. गाव त्यांना तेल लावतं, नवरदेव पाया पडतात. मला वाटतं म्हणूनच नाव नसलेली पाटी गावाला खटकली नाही. एक दगड आणखी आला, बस्स. पण भीमा कोरेगावचा स्तंभ पाहिला तेव्हा माझी ही समजूत डळमळली. १८१८ च्या १ जानेवारीच्या लढाईचा तो स्तंभ. त्यावर कंपनीच्या बाजूनं पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, त्यांतली बरीच ‘नाक’ या शेवटाची, म्हणजे महार शिपायांची. कंपनी सरकारनं दोनशे वर्षांपूर्वी नावं कोरली होती, मग बादशाही सरकारला १९१९ नंतर फक्त आकडे का पुरले?

नाव नसणं हा केवळ आमच्या चावडीचा दोष नव्हता. बसऱ्याला त्या मोहिमेतल्या, जिथं कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून जास्त मृतांचं स्मारक आहे. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभं केलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदुस्थानी अंमलदारांची नावं आहेत, हिंदुस्थानी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे. युद्धकबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगानं २०२१ मध्ये ही असमानता स्वतः कबूल केली. नावं त्यांच्या वह्यांत आहेत. ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका खटाव, जिल्हा सातारा’ अशा नोंदी आता घरबसल्या शोधता येतात. मी आमच्या गावाचं नाव सहा तऱ्हेनं चुकवून लिहून बघितलं आणि सहाव्या खेपेला धाकटा सापडला. बापाचं नाव बरोबर होतं. पडद्यावरच्या त्या ओळीकडं मी बराच वेळ नुसता बघत होतो. मग पुतण्यानं विचारलं, प्रिंट काढू का.

पण मी शोधायला बसलो होतो ते वेगळंच. आजीचे पाच, पाटीचे सात. मधले दोन कोण?

सहावा मला कागदात सापडला नाही, माणसात सापडला. माझ्या वर्गातला एक मित्र पुढं शिक्षक झाला. निवृत्तीनंतर आम्ही दोघं एसटीची वाट बघत चावडीच्या कट्ट्यावर बसलो होतो. मी आजीच्या पाच बोटांची गोष्ट सांगत होतो. तो ऐकत होता. मग म्हणाला, “तुझ्या आजीनं आमचा धरलाच नसणार.”

त्याच्या आज्याचा थोरला भाऊ एकशे अकरा नंबर महार पलटणीत होता. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरली त्यांनाच ‘लढवय्या जातीं’च्या यादीतून काढून टाकलं. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांवर अर्ज केले, सरकार हललं नाही. लढाईत माणसं कमी पडायला लागली तेव्हा, १९१७ मध्ये, दार किलकिलं झालं आणि ही पलटण उभी राहिली. गरज संपताच, १९२१ च्या सुमारास, ती गुंडाळली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावं लागलं. मित्राचा चुलत आजा लढाईवर नव्हे, छावणीत तापानं गेला. घरात त्याचा फोटो नाही, पदक नाही. गोष्ट आहे. “पाटी बसली त्या दिवशी आमची माणसं रस्त्याच्या पलीकडं हुबी होती,” तो म्हणाला. “पण आकडा ऐकून आली घरी. सात म्हणजे आपला धरून सात, हे आमच्या घरात कायम होतं.”

आमचा खटाव तालुका या बाबतीत फार जुना साक्षीदार आहे. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीतून निवृत्त झाल्यावर याच तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता तिथं खजिनदार होते. त्यांना भेटायला १९०१ च्या सुमाराला साताऱ्याहून मुलं निघाली, मसूर स्टेशनात उतरली, आणि जात कळताच गाडीवाला मिळेना, वाटेत प्यायला पाणी मिळेना. त्यांतला एक मुलगा भीमराव. सुभेदाराच्या पोराला ज्या वाटेनं पाणी दिलं नाही, त्याच वाटेवरची गावं सोळा-सतरा वर्षांनी शिपाई देत होती.

आजीवर मला राग धरता येत नाही. तिनं कुणाला वगळलं नव्हतं, तिला तो दिसलाच नव्हता. तिच्या बोटांना गावाच्या फक्त निम्म्या भागाचा पत्ता होता. सरकारला मोजता येत नाही म्हणून मी पन्नास वर्षं तिच्या बाजूनं हसलो, आणि तो कोरडा, बिननावाचा आकडा मात्र बरोबर होता. निदान सहापर्यंत.

सातव्याचं काही जमत नाही. एक कुजबूज अशी की बांधाच्या भांडणात कुऱ्हाड चालवून तुरुंगात गेलेला एक जण होता. १९१६ पासून हिंदुस्थानातल्या तुरुंगांतून कैदी मजूर आणि हमाल म्हणून बसऱ्याकडं नेले जात होते, शिक्षेत सूट मिळेल या बोलीवर, हे खरं आहे. तो तसा गेला आणि आला नाही म्हणतात. त्याच्या घरचे ‘मुंबईला गेला’ एवढंच सांगत राहिले. दुसरी कुजबूज मामाच्या गावाहून भरती झालेल्या एका भाच्याची. कैदी हमालाला प्राण दिलेल्यांत कोण मोजेल? पण पाटलांनी आकडा वर कळवताना काय धरलं, काय सोडलं, ते पाटलांबरोबर गेलं.

मध्यंतरी ग्रामस्वच्छतेच्या हंगामात कुणीतरी उत्साहानं चावडीला चॉकलेटी ऑइलपेंट दिला तो पाटीवरही दिला. आम्ही चौघांनी रॉकेल आणि ब्लेड घेऊन एक अख्खा रविवार तो खरवडला. ४१ चा चार जरा झिजला. सात नीट आहे.

दसऱ्याला सीमोल्लंघनाहून येताना धाकली आजी चावडीपाशी थांबायची. मी सात-आठ वर्षांचा, तिचा हात धरणारा. माझ्या झोळीतून ती आपट्याची पानं मागून घ्यायची आणि पाटीच्या खालच्या कडेवर एकेक उभं करून ठेवायची. घाई केली की रागवायची. पानं मोजून मागायची, आणि दरवर्षी सात मागायची. घरात बोलकी आजी पाच म्हणते आणि ही सात घेते, म्हणजे हिला मोजता येत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. एकदा मी दोन पानं मागं ठेवली, ती मला खेळायला हवी होती. तिनं न बोलता हात तसाच पुढं धरून ठेवला. मी ती दोन्ही दिली.

पाटलांनी बोटं मोजली तेव्हा समोर ती एकटी उभी होती. सातही तिनं ऐकले होते. मी फक्त पानं दिली.